बरं, येते

आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला लागलं नाही ना, एवढंच आम्ही बघतो. स्कूटर आम्ही अमावस्येला घेतली, ती अजून चालते आहे. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि ज्याचं मोजमाप होत नाही त्याबद्दल सहसा मत देत नाही. पण दारातून निघताना ‘जाते’ म्हणायची माझी छाती नाही. निघणाऱ्याने ‘येते’ म्हणायचं आणि राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. बाकी सगळं सोडून दिलेल्या माझ्या आजोबांनी हे एवढंच का ठेवलं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. या एका शब्दामुळे यंदाच्या मे महिन्यात जे घडलं ते मी घडलं तसं लिहिते आहे. त्यातून काही निष्कर्ष काढावा असा माझा आग्रह नाही.

मोबाईल माणसाचा किती वेळ खातो हे हल्ली मोबाईलच सांगतो. खाणाऱ्याने स्वतःहून इतकं प्रामाणिक राहावं, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एप्रिल संपताना मी तो आकडा पाहिला आणि मला तो आठवड्याचा वाटला. तो एका दिवसाचा होता. आकडा इथे लिहीत नाही, कारण हे माझे विद्यार्थीही वाचतील आणि त्यांना मी याच विषयावर वर्गात बरंच ऐकवलेलं आहे. मी वाईट काही बघत नव्हते. कुणी अनोळखी बाई कारली चिरत असे, मी बघत असे. मला कारलं आवडत नाही.

सुट्टी लागली होती आणि वेळ मला हवा होता तो चंद्रामावशीसाठी. मावशी लोधिवलीला राहते. काका गेल्यापासून एकटीच. तिचा मुलगा मनोज पुण्याला असतो आणि तिला कायमची तिकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. मावशी तिथे एकदा राहून आली होती. “खाली मानसं मुंग्यांयेवढी दिसत्यात,” ती मला म्हणाली होती, “हाक कुनाला मारायची?” म्हणून मीच मनोजला गळ घातली.

“मे महिनाभर थांब. मी कर्जतला आहे, सुट्टी आहे, येऊन-जाऊन लक्ष ठेवते.”

“ताई, तू खरंच जात राहिलीस तर राहू दे तिला तिथे,” मनोज म्हणाला. “नाहीतर मी महिनाअखेरीला घर बंद करून तिला घेऊन येतो. मग रडारड नको.”

तेव्हा मोबाईल सोडायचा, हे ठरलं. कसा सोडायचा, हे ठरवायला आमच्या दहिवलीच्या सोसायटीत मदत करणारे बरेच निघाले.

“मेघाताई, सरळ बंद नाही हं करायचा,” समोरच्या घरातल्या समीक्षाने सांगितलं. “बंद केला की लोकांना वाटतं भांडण झालं. माझ्या जावेने ग्रुप सोडला तर तिच्या माहेरची माणसं विचारायला आली, पोरगी नीट नांदतेय ना म्हणून.”

सोसायटीचे अध्यक्ष भिवाजीकाका म्हणाले, “मॅडम, इच्छाशक्ती पाहिजे. मी बघा, सकाळी फक्त एक शुभ सकाळ टाकतो, बास.” हे खरं आहे. पण ते प्रत्येकाला वेगळं टाकतात आणि त्यांची सकाळ दुपारी जेवणाच्या वेळेला संपते.

शेवटी माझ्या नवऱ्याने, प्रबुद्धने, उपाय काढला. एक ॲप असतं. व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवलं की आपण लिहून ठेवलेलं उत्तर आपोआप जातं. “म्हणजे मोबाईल राहतो, तू नसतेस,” तो म्हणाला. मला त्या वेळी हे वाक्य फार आवडलं होतं.

आता उत्तर काय लिहायचं, यावर चर्चा झाली. ‘मी सध्या मोबाईल वापरत नाही’ असं मी सुचवलं. प्रबुद्ध म्हणाला, “हे मोबाईलवरूनच सांगणार?” ‘सध्या उपलब्ध नाही’ हे समीक्षाला दुकानावरच्या पाटीसारखं वाटलं. मग मी लिहिलं, ‘मी काही काळ येथून जात आहे.’ समीक्षाने तोंडावर हात ठेवला. “ताई! जात आहे काय? लोक हार घेऊन येतील ना!”

तेव्हा चारचौघांतून उठताना सभ्य माणूस जे म्हणतो तेच मी लिहिलं. ‘बरं, येते.’ पुढे जोडलेले हात.

तो निरोप होता. पण ‘येते’ हा निरोप आहे हे कळायला माणूस दारात उभं असावं लागतं, पायात चपला असाव्या लागतात, हे मी विसरले. मोबाईलला दार नसतं.

मोबाईल मी माळ्यावर ठेवला, चार्जरला लावून, वर भाताचा पितळी टोप उपडा घालून. आवाज येऊ नये हा हेतू होता. टोपाचा आकार आणि धातू लक्षात घेता मला हे आधीच सुचायला हवं होतं. संदेश आला की मोबाईल थरथरे, टोप घुमे आणि अख्खी खोली त्याच्याबरोबर घुमे. आधी एक लांब घूं, मग क्षणभर शांतता, मग एक तोकडा घूं. लांब म्हणजे कुणीतरी काही विचारलं. तोकडा म्हणजे मी उत्तर दिलं. दुपारी सगळी दहिवली दारं लोटून पडलेली असे, रस्त्यावर कुत्रंही नसे, आणि मी खाली पुस्तक धरून बसलेली असताना वर कुणीतरी माझ्या वतीने लोकांशी बोलत असे.

त्यानंतर काही दिवसांनी जिन्यात भिवाजीकाका भेटले.

“मॅडम, परवा मीटिंगला आलात, फार बरं वाटलं. तुमचा मुद्दा सगळ्यांना पटला.”

“काका, मी आले नव्हते.”

“म्हणजे तुम्ही मागे बसलात, बोलला नाहीत. पण होतात ना. टँकरवाल्याकडे कोण येतं विचारलं तर लगेच येते म्हणालात. तुमचं नाव पाणी समितीत घातलंय.”

“माझा मुद्दा काय होता?”

काका थांबले. टकलावरचा घाम पुसत त्यांनी प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. “ते आता… पण पटला.”

पुढचा धक्का सरकारी होता. सर्वेक्षणाच्या कामासाठी शिक्षकांचं एक प्रशिक्षण खालापूरला झालं. मला त्याचा पत्ताही नव्हता. झाल्यावर प्रमाणपत्र घ्यायला या, असा निरोप कॉलेजच्या शिपायाकरवी घरी आला. मी तिथल्या बाबूंना जाऊन सांगितलं, की मी प्रशिक्षणाला नव्हते, तेव्हा हे प्रमाणपत्र मला घेता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“गैरहजर होतात? मग खुलासा द्यावा लागेल.”

“देते.”

“पण तुम्ही हजर आहात. हजर माणसाचा गैरहजेरीचा खुलासा आम्हाला घेता येत नाही.” मग आवाज खाली आणून, आपुलकीने, “मॅडम, घ्या ना. उत्तम सहभाग लिहिलंय.”

मी घेतलं. परत येताना ते प्रमाणपत्र स्कूटरच्या पुढच्या कप्प्यात फडफडत होतं आणि मला उगाचच वाटत होतं की मागे कुणीतरी बसलं आहे.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग समीक्षा रागावून आली. चौक गावी तिच्या भाच्याची हळद होती. “आलात, पण न जेवता गेलात. आई किती शोधत होती तुम्हाला.” मी नव्हते म्हटल्यावर तिने तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला. मांडव, पिवळा झालेला नवरामुलगा, त्याच्याभोवती बायका. सगळ्यात मागे, खांबाशी, एक बाई. तिने फोटो काढायला मोबाईल तोंडासमोर धरलेला, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

“ही काय, तुम्ही.”

“चेहरा कुठे आहे?”

“चेहरा कशाला हवा? मोबाईल तुमचाच आहे की.”

निळं कव्हर. खालचा कोपरा उडालेला. समीक्षाने पुढचा फोटो दाखवला, मग त्याच्या पुढचा. प्रत्येकात ती बाई होती, दर वेळी थोडी पुढे आलेली, आणि प्रत्येकात मोबाईल तोंडासमोर.

मी घरी येऊन शिडी लावली आणि टोप उचलला. मोबाईल होता. कोपरा उडालेला होता. हात लावला तर गरम लागला. चार्जिंगला लावलेला मोबाईल गरमच असतो, हे मी माळ्यावर वाकून, मोठ्याने म्हटलं. तेवढ्यात तो माझ्या हाताखाली थरथरला, थांबला, आणि पुन्हा थोडासा थरथरला. मी टोप परत ठेवला.

शास्त्र शिकलेल्या माणसाला अशा वेळी एक सोय असते. गृहीतक मांडता येतं. मी मांडलं. हल्ली कुठेही गेलं तरी सगळे मान खाली घालून बसलेले असतात. प्रत्येकाने ‘बरं, येते’ वाचलं. वर कुणी पाहिलंच नाही. जी येते म्हणाली ती आली असणारच. गृहीतक सुटसुटीत होतं आणि सगळ्या निरीक्षणांना पुरत होतं. निळं कव्हर उरत होतं, पण तशी कव्हरं कर्जत स्टेशनबाहेर टोपलीभर मिळतात.

ते उत्तर तेव्हाच का बदललं नाही, असं प्रबुद्धने मला नंतर विचारलं. बदलायला मोबाईल हातात घ्यावा लागला असता, आणि मी तो घेईन यावर तो पहिल्या दिवसापासून डोळा ठेवून होता. हे एक कारण. दुसरं मी त्याला सांगितलं नाही. लोक माझ्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले होते. भाजीवाली ओळख द्यायला लागली होती. मी कुठे जात नाही, फारशी बोलत नाही, अशी माझी ख्याती होती. फोटोतली ती बाई सगळीकडे जात होती. ती माझ्यापेक्षा लोकांना आवडली होती, आणि हे आवडणं माझ्याच नावावर जमा होत होतं.

या सगळ्यात लोधिवलीला जायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. आज टँकरवाला, उद्या खुलासा, परवा समीक्षाच्या आईची समजूत. कुठे कुठे मी नव्हते हे सांगत फिरण्यात, मोबाईलमधून वाचवलेला सगळा वेळ गेला. मनात टोचत होतं. पण प्रबुद्ध एकदा म्हणाला, “मनोजचा फोन होता. मावशी खूश आहे म्हणे, तू जातेस म्हणून.” ‘जाणार आहेस म्हणून’ असं तो म्हणाला असेल, असं मी ठरवून टाकलं.

मग एका रविवारी, आम्ही पोहे खात असताना, प्रबुद्धच्या फोनवर पुन्हा मनोज आला. “ताईला दे,” एवढंच म्हणाला. जय भीम नाही, कशी आहेस नाही.

“ताई, तू आईकडे रोज जातेस?”

मी हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवली.

“आई म्हणते, मेघी रोज दुपारी येते, बसते. आणि शेजारची पारूवहिनी म्हणते, कुणीसुद्धा येत नाही. आई दोन कपांत चहा ओतते आणि रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. ताई, मी निघालोय पुण्याहून. आज तिला घेऊनच जाणार. आधी डॉक्टरला दाखवतो.” त्याचा आवाज फाटला. “तू तरी मला सांगायचं होतंस.”

“मी तिथेच येते,” मी म्हटलं, आणि तो शब्द माझ्याच कानाला कसातरी लागला.

शिडी, माळा, टोप. प्रबुद्ध हसला नाही. मावशीला नंबर फिरवता येत नाही. हिरव्या खुणेवर जाऊन माईक दाबून बोलायचं, एवढं मनोजने शिकवलेलं. तिच्या नावाखाली तिच्या आवाजाच्या पट्ट्याच पट्ट्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीखाली माझं उत्तर. मी ऐकू लागले.

“मेघे, येतीस का गं?” बरं, येते.

“चा ठेवलाय.” बरं, येते.

“कवाची वाट बघतंय. कुठवर आलीस?” बरं, येते.

मग काही पट्ट्या नुसत्या श्वासाच्या. त्यांच्याखालीही बरं, येते. आणि मग एकदम निवळलेला, हलका आवाज: “आलीस? बस. पंख्याखाली बस.”

तिथून पुढे ती विचारत नव्हती. बोलत होती. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, काकांबद्दल. “पारूची तांबडी कोंबडी हाय ना, ती माज्या सरपनात अंडी घालती. मी खाती. कुनाला सांगू नको.” अधूनमधून ती थांबायची, समोरचं माणूस काही म्हणत असावं तेवढी, आणि मग “व्हय, व्हय” म्हणायची. शेवटची पट्टी कालची. तिच्यात शब्द नव्हते. चहा ओतल्याचा आवाज, एकदा आणि पुन्हा एकदा. मग खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज, लांबून. मावशीचे गुडघे गेलेत. ती बसल्या जागी चहा ओतते आणि बसल्या जागीच बोलते.

मी ते ॲप काढून टाकलं, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि स्कूटर काढली.

चौकच्या रस्त्याला उन्हाने डांबर मऊ झालेलं. दोन्ही बाजूंना भाताची भेगाळलेली खाचरं, आणि मध्येच फार्महाऊसच्या पाट्या, त्यांच्यावर बाण, बाणांच्या टोकाला कुणीच नाही. चौकला जुन्या हायवेवर हवा भरायला थांबले. तिथल्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने नळी लावता लावता मान वर न करता विचारलं, “आज उशीर केलात?”

तो सगळ्यांनाच असं विचारत असेल. धंद्यात बोलावं लागतं.

मावशी दारातच बसली होती. आत पंख्याखाली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर, एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीशेजारी स्टुलावर कप.

“परत आलीस?” मावशी म्हणाली.

“परत काय? मी आत्ता येतेय. कर्जतहून.”

“मंग मगाशी काय खोपोलीवरनं आलीवतीस?”

“मावशी, मी महिनाभर आलेच नाही. ते ‘येते’ मी नाही लिहिलं. मशीन लिहीत होतं.”

“मशीन चा पीत नाय.” तिने मला आत नेऊन स्टुलावरचा कप उचलून दाखवला. तळाशी पावडरीचा गाळ. “साखर बी घालत नाय मी. तुला चालत नाय ना.”

माझ्या मानेवरून काहीतरी थंड गेलं. वर पंखा होता, घाम आलेला होता, होतं असं. “मावशी,” मी हळू विचारलं, “ती दिसते कशी?”

“कोन?”

“ती… भूतबीत तर नाही ना म्हणत तू?”

मावशीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “येवढी शिकलीस आन भुतं काय मानतीस? आपन भुतं मानत नाय, मेघे. मंग ती कोन? तूच.”

या तर्कातली खोट मला सापडली असती. पण बाहेर गाडी थांबली आणि मनोज आत आला. त्याच्यामागे, पदराला हात पुसत, पारू. मनोजने घराकडे पाहिलं ते कुलूप लावायला आलेल्या माणसासारखं. मावशी एकाएकी लहान झाली. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मनोजकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“ताई, एकदाच खरं सांग,” मनोज म्हणाला. “तू येत होतीस की नव्हतीस?”

मी नोकरीत एकदाही प्रयोगाचं वाचन बदललेलं नाही. विद्यार्थ्यांचं उत्तर जुळत नसेल तर न जुळणारंच लिहा, असं मी सांगते.

“येत होते,” मी म्हटलं.

“अगं बाई!” पारू म्हणाली. “मी सारी दुपार वट्यावर असतंय. चिटपाखरू बघितला नाय.”

“तू वट्यावर, तुजं डोकं मोबाईलमंदी,” मावशी गरजली. “परवा तुजी बकरी माजं अळू खाऊन गेली, ती दिसली का तुला?”

पारू गोंधळली. “कवा?”

“मंग हिला काय बघशील!”

मनोजने हात वर केला. तो इंजिनियर आहे. साक्षीदारांवर त्याचा विश्वास नाही. “ताई, रागावू नकोस. पण आई इतक्यात तुझ्याशी काय बोलली, असं काहीतरी सांग. दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं.”

मला एकच गोष्ट आठवली. आठवल्याचं मावशीला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तिने मान अगदी बारीक हलवली. नको. पण कुलूप मनोजच्या पिशवीत होतं, मला दिसत होतं.

“पारूवहिनी,” मी म्हटलं, “तुमची तांबडी कोंबडी मावशीच्या सरपणात अंडी घालते. मावशी ती खाते.”

पारूचे पदराला पुसणारे हात थांबले.

“मेले!” मावशी कडाडली. “तुला म्हटलं व्हतं ना, कुनाला सांगू नको म्हनून!”

“तरीच!” पारू. “तरीच म्हनतंय मी, माजी तांबडी वांझ झाली का काय! इकायला काढलीवती मी तिला! चंद्राबाय, किती खाल्लीस गं?”

“मोजून खात्यात व्हय कुनी?”

त्या दोघींचं पुढे बराच वेळ चाललं. मनोज मात्र मटकन दारात बसला आणि हसायला लागला, आणि सुटल्यासारखा हसतच राहिला. पकडली गेलेली त्याची आई त्याला लहानपणापासून ओळखीची होती. डोकं फिरलेल्या माणसाला असा राग येत नाही, हे कळायला त्याला डॉक्टर लागला नाही. जाताना त्याने कुलूप पिशवीतच ठेवलं. “राहू दे आई इथे. पण ताई, तू अशीच येत राहा हं. रोज.”

मी मान हलवली. खोटं बोलल्याचे परिणाम मला तेव्हा नीट दिसले. ती जिथे जिथे जात होती, तिथे आता मलाच जावं लागणार होतं.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी मावशीसमोर उकिडवी बसले. “आता खरं सांग. इथे कुणी नव्हतं, हे तुला माहीत होतं ना?”

“मंग मनोजला खोटं बोललीस व्हय?”

“मावशी!”

ती काकांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत राहिली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, “तू आदी यायचीस तवा काय करायचीस? त्या खुर्चीत बसायचीस. मोबाईल बघायचीस. चा गार करायचीस. आन येते म्हनून जायचीस. ह्या महिन्यात बी तसाच झाला. फरक येवढाच, हिनं मोबाईल नाय बघितला. माज्याकडं बघायची.”

यावर मला म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. कॉलेजच्या ग्रुपवर सतत सूचना येतात. निकालाच्या दिवसांत तर… मी उठून स्टुलावरचा कप विसळला.

ऊन उतरलं तशी मी निघाले. दारात चपला घातल्या आणि कुठला शब्द म्हणावा, हे ठरेना. ‘येते’ म्हणावं, तर महिनाभर तो इतका वापरला गेला होता की माझ्यासाठी त्यात काही शिल्लक आहे असं वाटेना. ‘जाते’ म्हणायची तर सोयच नाही. मी बराच वेळ पर्सची चेन लावत उभी राहिले.

“येते,” मी शेवटी म्हटलं.

“ये गं,” मावशी आतून म्हणाली.

अंगणात येऊन मी स्कूटरला किल्ली लावली. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. हलका, निवळलेला. तो माझ्यासाठी नव्हता.

“गेली ती. तू बस.”

मी किल्ली काढली. चपला दारात भिरकावल्या, आत गेले, आणि दुसरं कुणी बसायच्या आत त्या खुर्चीवर बसले. पर्स दूर कोनाड्यात ठेवली आणि मावशीकडे बघत राहिले. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण उजेड कमी झाला होता, त्यामुळे हे निरीक्षण मी धरत नाही.

खुर्ची कोमट होती.

“मे महिना आहे,” मी मोठ्याने म्हटलं. “वर पत्रा आहे. दिवसभराचं ऊन आहे. प्लास्टिक कोमटच असणार.”

“व्हय तर,” मावशी म्हणाली. चहाला आधण आलं तशी ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत फळीपाशी गेली, आणि ओट्यावर कप मांडले. तीन.